फ्रिजचं शीर्षासन

बेडूक लपवायला जागा शोधत होते म्हणून ते पिवळं दिसलं. नाहीतर भावाच्या गाडीच्या पाठीमागे वाकून बघायची मला काय हौस?

बेडूक बॅटरीवरचा. मुठीएवढा जीव, पण आवाज रेड्याएवढा. अंधार झाला की ओरडतो, दिवा लावला की गप्प. म्हणजे माणूस उठतो, दिवा लावतो, शोधतो, काही सापडत नाही, शिव्या घालत आडवा होतो, की पुन्हा डरांव. वस्तू बघताक्षणी मला माझा धाकटा भाऊ आठवला होता. तो आणि भावजय दुसऱ्या दिवशी तळ्यावर सुट्टीला निघणार होते, त्यांच्या घरगाडीतून. पलंग, ओटा, बेसिन, फ्रिज, सगळा संसार पोटात घेऊन फिरणारी ती लांबडी व्हॅन. धाकट्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे. वर्षभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि सुट्टीत स्वतः चालवायचं, एवढंच त्याचं सुख. त्या सुखात एक बेडूक सोडावा, असा माझा साधा विचार.

गाडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे आत फ्रिज बसवलाय, तिथे एक जाळीचं झाकण असतं. खटके फिरवले की निघतं. मी ते काढलं. बेडूक आत सरकवणार, तोच नाकात काहीतरी चावलं. वास ओळखीचा. दर महिन्याला डोक्याला फासते ना मी, त्या काळ्या डायचा वास. डोळ्यात पाणी आणणारा. आणि फ्रिजच्या पाठीवर, जिथे गॅसची ज्योत जळते तिथल्या नळीभोवती, पिवळी भुकटी. फुलपाखराच्या पंखाची असते तशी, पण खरखरीत, थरावर थर.

मी बेडूक खिशात टाकला.

मला विज्ञान येत नाही. मला भंगार येतं. गावाबाहेर माझं आवार आहे, मेलेल्या गाड्या तिथे येतात आणि मी त्यांचे हातपाय वेगळे करून विकते. मध्यंतरी एक जळालेली घरगाडी आली होती. पुढचा भाग शाबूत, आरसासुद्धा धड. मधला भाग नुसता कोळसा. आणि त्या कोळशाच्या बरोब्बर मध्ये फ्रिजची नळी उभी, तडकलेली, तिच्या बुंध्याशी हेच पिवळं. तिचा मालक खिडकीतून उडी मारून वाचला होता. खिडकीतून का? कारण दार फ्रिजच्या शेजारी होतं. विमेवाल्यांचा माणूस पाहणीला आला, त्याला मी चहा पाजून सगळं वदवून घेतलं. फुकटचं ज्ञान मी सोडत नाही.

धाकटा पुढे काचा पुसत होता.

"अरे, हा फ्रिज काढ."

"कुठे काढू?"

"गाडीच्या बाहेर. तो फुटलाय. नळीतून गळतोय. याच्यासकट झोपलात तर भाजून निघाल दोघं."

त्याने फडकं पिळलं, माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर तो भाव आणला, जो नवशिक्याने क्लचऐवजी ब्रेक दाबल्यावर आणतो.

"काय लावलंयस मागे?"

"मी काही लावलं नाही. पिवळं आहे तिथे."

तो मागे गेला, वाकला, हसत उठला. "खडू! पिवळा खडू किसलास ना? वर डाय शिंपडलास. मेहनत घेतलीस हं, तायडे."

"हात लावू नकोस त्याला! विषारी असतं."

"वा! विषारी खडू."

भावजय आतून पांघरुणांचा ढीग घेऊन दारात आली. "काय झालं?"

"तुझ्या वन्सं फ्रिजमध्ये बाँब ठेवून गेल्यात," धाकटा म्हणाला.

"ठेवू देत. अंडी बाजूला सरकवून ठेवा म्हणावं."

आता यात माझी बाजू लंगडी होती हे मला मान्य. ज्या बाईने याच्या लग्नात नवरदेवाच्या बुटात जेली भरली, याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर 'येथे गाड्या आपटायला शिकवतात' असा कागद डकवला, तिने एके सकाळी येऊन सांगावं की तुझा फ्रिज पेटणार आहे, तर कोण ऐकेल? मीही नसतं ऐकलं. पण मी ती नळी पाहिली होती.

"हा फ्रिज मध्ये बंद पडला होता का?" मी विचारलं.

त्याची छाती फुगली. "पडला होता. मागच्या खेपेला गारच होईना. मी बरा केला."

"कसा?"

"उलटा करून."

भावजयीने ढीग खाली ठेवला. "आता ऐका. हे पुराण मी पाठ केलंय."

घरगाडीवाल्यांचा एक कंपू आहे. एकमेकांना दिसले की दिवे मारतात, एकाच्या गाडीचं चाक रुतलं की दहा जण ढकलायला येतात. माणसं लाख मोलाची. त्या कंपूत हा जुना तोडगा आहे. या फ्रिजला आपल्या घरच्यासारखं घरघरणारं यंत्र नसतं. एका नळीत अमोनियाचं पाणी असतं, खाली ज्योत लावायची, ते तापून वर चढतं, थंड होऊन खाली उतरतं, आणि त्या चढउतारात आतली गरमी ओढून नेतं. चढउतार अडला की फ्रिज थंडावत नाही. मग हे लोक काय करतात, तर फ्रिज बाहेर काढून डोक्यावर उभा करतात. दिवसभर तसाच. आतलं तुंबलेलं मोकळं होतं, सरळ केला की पुन्हा गारेगार. धाकट्याचा हात यात बसलेला. नुसत्या गुडगुड आवाजावरून तो सांगायचा, झाला, आता सरळ करा. कंपूतले अर्धे फ्रिज याने शीर्षासन करवून उठवले होते आणि प्रत्येक मालकाने याला मिठी मारली होती.

"पण तुंबला कशाने?" मी म्हटलं.

"वयाने. माझे गुडघे कसे तुंबतात?"

"नाही," भावजय म्हणाली. ती शाळेत शिवण शिकवते, तिला वाकडं चटकन दिसतं. "यांना पित्त होतं ना, म्हणून हे गाडी चढावर लावतात. मुद्दाम. तोंड वर करून. म्हणजे पलंगाचा उशाकडचा भाग उंच होतो. चहा ओतला की कप एका बाजूला भरतो."

मला ती जळकी घरगाडी डोळ्यांसमोर आली. विमेवाला म्हणाला होता, हे फ्रिज सपाटीवरच चालवायचे. गाडी कलती असली की पाणी एका कुशीला साचतं, ज्योतीवरच्या नळीत परत येतच नाही, आणि ज्योत कोरडी नळी भाजत राहते. दूध आटून गेलेलं पातेलं गॅसवर विसरावं तशी. भाजून भाजून नळीला तडा जातो. आत नुसता अमोनिया नसतो, हायड्रोजनही असतो. तो बाहेर येतो कुठे, तर ज्योतीच्या शेजारी. आणि पिवळं म्हणजे नळी गंजू नये म्हणून आत घातलेलं औषध, गळून बाहेर वाळलेलं.

मी हे सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. धाकट्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "तुझ्या आजवरच्या थापांत ही सगळ्यात सरस. पण गार होतोय ना तो! फुटलेला फ्रिज गार कसा होईल?"

"आता होतोय. गळणारी बादलीसुद्धा थोडा वेळ भरलेली दिसते."

"ताई, उद्या पहाटे आम्ही निघणार. बास."

ठीक आहे, म्हटलं मनात. तू निघ. फ्रिज निघणार नाही.

तो अंघोळीला गेला तेव्हा मी गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढून माझ्या पिशवीत टाकला. तो आला, कपाट उघडलं, दुसरा रेग्युलेटर लावला. याला नवशिक्यांची सवय, प्रत्येक गोष्टीचा जोड ठेवतो. मी गाडीची किल्ली पळवली. त्याने गळ्यातली दुसरी काढून दाखवली. मी मागच्या चाकाची हवा सोडली. तो पंप घेऊन आला, शीळ घालत हवा भरली, आणि तेच हवेचं नळकांडं माझ्या कानाशी धरून फुस्स केलं. मी थेट उडाले. भावजय हसून हसून पायरीवर बसली.

"झालं एकदाचं तुमचं?" ती म्हणाली. "वन्सं, खरं सांगा. खोडी आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीच्या आत पाहिलं. मागे पलंग, मध्ये फ्रिज, फ्रिजला लागून दार. पलंगाशेजारची खिडकी एवढीशी. भावजय तशी अंगाने माझ्यासारखीच, म्हणजे दोघींनाही त्या खिडकीतून फक्त हात बाहेर काढून टाटा करता आला असता.

"नाही," मी म्हटलं. "यावेळी नाही."

तिचं हसू जरासं विरलं, पण नवऱ्याला ती एकटी काय सांगणार? तो मांजरासारखा त्या फ्रिजला घासून उभा होता.

मग मी माझ्याकडची सगळ्यात मोठी वस्तू बाहेर काढली.

"पैज," मी म्हटलं.

"कसली?"

"फ्रिज माझ्या आवारात आणायचा. मोकळ्या फरशीवर ठेवायचा. तळ्यावर जेवढा कलतो तेवढाच कलता, तूच टेकण लाव, मी बोट लावणार नाही. ज्योत पेटवायची. अंधार पडेपर्यंत काही झालं नाही, तर मी तुझी पुन्हा कधी खोडी काढणार नाही. कधीच. मरेपर्यंत."

त्याने फ्रिजवरचा हात काढला. लहानपणापासून हा माणूस चपलेत पाय घालण्याआधी चप्पल झटकतो. साखरेची चव बोटाने घेतल्याशिवाय चहात टाकत नाही. त्याला मी स्वर्ग देऊ केला होता.

"वाढदिवसालासुद्धा नाही?"

"वाढदिवसालासुद्धा नाही."

"घ्या शब्द!" भावजय ओरडली. "अहो, बघताय काय, घ्या शब्द! मी साक्षीदार!"

खरं सांगते, बोलून झाल्यावर मला प्रश्न पडला. खोड्या काढल्या नाहीत तर मी दिवसभर करायचं काय? पण शब्द गेला तो गेला.

दुपारच्या आत फ्रिज माझ्या आवारात होता. घरगाडी त्याने आवारात आणून लावली, स्क्रू त्याने काढले, ट्रॉली मी ढकलली. मधोमध सिमेंटची मोठी फरशी आहे, जिथे मी इंजिनं उघडते. आसपासच्या गाड्या मी क्रेनने मागे सरकवल्या, पाण्याचा पाइप ओढून आणला, आग विझवायची लाल टाकी हाताशी ठेवली. गॅसची टाकी लांब, पत्र्याच्या आडोशाला, मधे लांबलचक नळी. आणि वाचणाऱ्यांनो, हे घरी करून बघायचं नाही. माझ्याकडे मैदान आहे आणि माझा भाऊ गाढव आहे, म्हणून मला करावं लागलं.

टेकण त्याने इमानदारीने लावलं. मला वाटलं होतं चोरटेपणा करेल, पण नाही. फळी ठेवली, लांबून पाहिलं, "अजून थोडं," म्हणून आणखी एक पातळ फळी घातली. "माझं पित्त जोरात असतं तेव्हा एवढं." मग आत लिंबू-सोड्याच्या बाटल्या मांडल्या, ज्योत पेटवली आणि आम्ही तिघं लांब, एका मेलेल्या बसच्या बाकावर जाऊन बसलो.

काहीही झालं नाही.

ऊन सरकलं. भावजयीने पावाचे तुकडे काढले, आम्ही खाल्ले. माझ्या डोळ्यादेखत धाकटा दोनदा गेला, दार उघडलं, बाटली गालाला लावून पाहिली. दुसऱ्या वेळी तीन बाटल्या घेऊन आला. गार होत्या. चांगल्या गार.

"पी," तो म्हणाला. "दमली असशील."

मी प्यायले.

"उंबराला फूल आणि ताईला शहाणपण, एकदम येणार वाटतं यंदा," तो भावजयीला म्हणाला. "उद्यापासून मी चपला न झटकता घालणार."

"आणि वन्सं काय करतील?"

"भजन."

माझी इच्छा काय होती, तेच मला कळेना. तो पेटला नाही तर हे दोघं त्याला घेऊन पहाटे निघणार, आणि माझ्याकडे थांबवायला शब्दसुद्धा उरणार नाही. पैजेत मीच तो देऊन बसले होते. मग ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात. काही झालं नाही तर आज हा फ्रिज मी क्रेनच्या चिमट्यात धरून चेपणार. भाऊ जन्मभर बोलला नाही तरी चालेल. जिवंत राहून बोलू नकोस म्हणावं. क्रेनची किल्ली मी चाचपून पाहिली. हाच निर्णय घेऊन मी जरा सैल झाले, आणि तेव्हाच वारा फिरला.

वास आला.

आधी भावजयीच्या नाकाला. तिने पदर तोंडावर धरला. मग माझ्या डोळ्यात पाणी. सकाळच्या दसपट.

"आला बघ," धाकटा उठला. "आता कळलं. कुठेतरी डायची बाटली लपवलीयस आणि दोरी ओढलीस. थांब, तुझी दोरीच दाखवतो."

आणि तो ताडताड चालत फ्रिजकडे निघाला.

"थांब!"

"आता कशी ओरडतेय बघा! पकडली गेली!"

मी धावले. शेवटची मी कधी धावले होते हे माझ्या गुडघ्यांना विचारा. तो फरशीच्या कडेशी पोचला तेव्हा मी मागून त्याच्या शर्टाला झडप घातली. शर्ट फाटला. म्हणून मी पाय धरला. तो तोंडावर आपटला आणि मी त्याच्या पाठीवर बसले. सरळ बसले, अख्खं वजन टाकून.

"ऊठ! अगं ऊठ, म्हशे! खांदा मोडला!"

"मोडू दे."

"पैज हरतेयस म्हणून..."

फस्स असा आवाज आला. कुकरची शिट्टी अर्धवट वाजावी तसा. मग एक धप्प. फार मोठा नाही. मला तर ज्योतही दिसली नाही, फ्रिजच्या मागची हवा नुसती लहरली, पलीकडची गाडी पाण्यात पाहिल्यासारखी वाकडी दिसायला लागली. मग फ्रिजच्या पाठीचा रंग बदलला, आणि आतला फोम पेटला. काळाकुट्ट धूर. लोळ सरळ वर गेला, माझ्या क्रेनच्या टोकापर्यंत.

"गॅस!" मी ओरडले.

"केला बंद!" भावजय पत्र्यामागून ओरडली. तिने मघाशीच केला होता, वास आला तेव्हाच. आम्ही दोघं भावंडं कुस्ती खेळत असताना ती सरळ टाकीकडे गेली होती.

गॅस बंद होता, तरी तो जळत होता. धाकटा माझ्याखाली पडल्या पडल्या ते बघत होता. मला त्याची धडधड माझ्या बुडाला जाणवत होती. मी उठले तरी तो लगेच उठला नाही. मी लाल टाकी रिकामी केली, भावजयीने पाइप धरून कडेच्या गाड्यांवर पाणी मारलं. फ्रिजचं दार वितळून वाकलं, बाटल्या एकेक करून फुटल्या. प्रत्येक फुटली की धाकटा दचकायचा.

सगळं जळायला फार वेळ लागला नाही. भीती तीच होती, काहीच वेळ लागला नाही. तेवढ्या वेळात माणूस झोपेतून उठून चष्मा शोधतो.

भावजय ओल्या फरशीवरून चालत आमच्याकडे आली. "उठून मी आधी दाराकडे गेले असते," ती म्हणाली. "मला अंधारात दुसरं काही सुचलंच नसतं."

धाकटा उठून बसला. नाक सोललेलं, शर्टाची पाठ उघडी. मला वाटलं, आता हा म्हणेल, ताई, तू जिंकलीस. मी दोन वाक्यं तयारही ठेवली होती, चांगली झोंबणारी. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. बोटांवर काहीतरी मोजत होता, एक एक करून, आणि ओठ हलवत होता.

"काय पुटपुटतोयस?"

"आठवतोय. कोणाकोणाचे उलटे केले ते."



त्याने फोन काढला. पहिला फोन त्याच्या कंपूतल्या चष्मेवाल्याला. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. धाकट्याने स्पीकर लावला.

"अरे, तुझा फ्रिज चालू आहे?"

"एकदम! बर्फ पाडतोय! आम्ही निघालोच आहोत, तळ्यावर भेटू. तुझ्यासाठी चढावरची जागा धरून ठेवू का?"

"नको. निघू नकोस. फ्रिज बंद कर आत्ताच, गॅस बंद कर. माझा जळाला."

पलीकडे हसू. "काय, बहिणीने शिकवलं का?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. मी हात जोडले.

"नाही रे, खरंच. मीच चुकीचं..."

"चल, गाडी चालवतोय. भेटू!" फोन कट.

धाकटा उभा राहिला. "त्याची नातवंडं आहेत गाडीत," तो म्हणाला, आणि लंगडत, फाटक्या शर्टाने, घरगाडीकडे निघाला. आम्ही दोघी मागे. फ्रिजच्या जागी भोक पडलं होतं, त्यातून आवार दिसत होतं. भावजयीने चादर कोंबली त्यात. वाटेत तिने दुसऱ्या दोघांना गाठलं फोनवर, शाळेतल्या आवाजात, आणि त्या दोघांनी मुकाट्याने गॅस बंद केला. आवाजाचा परिणाम असतो.

चष्मेवाला आम्हाला तळ्याच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर सापडला. हवा भरायच्या यंत्रापाशी गाडी लावून तो नातवंडांना गोळ्या वाटत होता. धाकट्याने आमची गाडी त्याच्या गाडीच्या नाकासमोर आडवी घातली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने असं पार्किंग कधी केलं नसेल.

"अरे! हे काय? नाक कुठे फोडलंस?"

"मुलांना लांब घे. त्या झाडाखाली."

"झालंय काय पण? ज्योत मी बंदच केलीय, पंपावर आलोय ना. तेवढं कळतं मला. आणि फ्रिज मस्त चाललाय. तूच तर..."

"मीच," धाकटा म्हणाला. तो गाडीच्या बाहेरच्या अंगाला गेला आणि जाळीचे खटके फिरवायला लागला. "मीच केला, म्हणून मीच काढणार. तू ओरड, नाहीतर मार मला. पण हा काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ही तुमची खोडी आहे ना? कॅमेरा कुठे आहे?"

जाळी निघाली. धाकटा आत वाकला, तसाच वाकून राहिला, आणि मग त्याने हात मागे करून चष्मेवाल्याला खूण केली, ये, बघ. चष्मेवाला वाकला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यावर घेतला.

"हे पिवळं काय आहे?"

"हात लावू नकोस," धाकटा म्हणाला. "ताई, पाना दे."

मी दिला.